पान एकशे बारा

दर गुरुवारी दुपारी यायचा सेल्विन एन्टविसल,
बस डेपोतून निवृत्त, नखांत अजून ग्रीस,
आणि माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात
ना कादंबरी बघायचा, ना चरित्र,
थेट विचारायचा:
"आहे का आमचं नाव कशात?"

आमचं म्हणजे ब्रॅकनशॉ अल्बियनचं.
चहाच्या कपाला तळाशी डाग धरतो,
तसा लीगच्या तळाला धरलेला क्लब.

पुस्तक तो वाचायचा नाही, निवडायचा.
तांदळातून खडे वेचतात ना, तसा;
फक्त याला खडाच हवा असायचा.

घरी बॉयलरवरच्या फळीवर एकोणचाळीस पुस्तकं.
एका बिशपच्या आठवणी, पान सत्तर:
'आदल्या दिवशी अल्बियन हरला होता,
म्हणून चर्चमध्ये त्या रविवारी पश्चात्ताप खरा वाटला.'
एका खूनकथेत प्रेताच्या गळ्यात आमचा मफलर
(इन्स्पेक्टर म्हणतो, आत्महत्या असणार).
मातीवरच्या एका जाडजूड ग्रंथात
पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीचं उदाहरण:
आमचं मैदान, छायाचित्रासह.

मी एकदा बोलून गेले,
"सेल्विन, हसतात रे सगळे तुमच्यावर.
लेखकाला पराभव हवा असला
की हाताशी अल्बियन."
तो टोपी झटकत म्हणाला,
"हसायला तरी नाव घ्यावं लागतं ना, मॉयरा?
टेकडीपलीकडचे बघ. दरवर्षी कप आणतात.
कुठल्या मेलेल्याच्या गळ्यात आहे त्यांचा मफलर?"

चूक मात्र त्याला खपायची नाही.
कानामागची पेन्सिल निघायची, समासात बारीक अक्षर:
'चार-शून्य नव्हे, चार-एक.
आपला गोल ऑग्डनचा, डोक्याने, शेवटच्या मिनिटाला.'
'त्या शनिवारी पाऊस नव्हता.'
'मफलर निळा-पिवळा. काळा कधीच नव्हता.'
बिशपलासुद्धा सोडलं नाही त्याने.

मार्चमध्ये एका घरातून खोकी आली,
त्यात एका नॉर्वेजियन खलाशाचं आत्मचरित्र, अनुवादित.
जहाज लिव्हरपूलला दुरुस्तीला अडकलं,
हा वेळ काढायला कुठल्याशा ट्रेनमध्ये बसला,
गर्दी उतरली तिथे उतरला.
पान एकशे बारा:
'ब्रॅकनशॉचा संघ पाच-दोन असा जिंकला.
शेजारच्या माणसाने मला मिठी मारली.
चार महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता.'

सेल्विनने उभ्या उभ्या वाचलं.
मग मागचं पान वाचलं. मग पुन्हा हे.

तो सामना या गावात कोणाला ठाऊक नाही?
एकसष्ट सालचा एप्रिल.
पाच-दोन खरंच, पण पाच त्यांचे.
खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलो तो दिवस.
सेल्विन तेव्हा नऊ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर,
आणि वडील खांदे हलू न देता रडत होते.

खलाशाने शर्ट उलटे धरले असतील.
किंवा मिठीवरून निकाल ठरवला असेल.

पेन्सिल कानामागून निघाली.
बराच वेळ नुसतीच बोटांत फिरली.
बाहेर कोणीतरी मासे तोलत भाव ओरडत होतं.

"नॉर्वेत किती जणांनी वाचलं असेल हे?"
मी म्हटलं, असतील चार-पाचशे.
"पाचशे," तो म्हणाला,
आणि पेन्सिल परत कानामागे गेली.
दोन पौंड मोजून दिले, घासाघीस न करता.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही.
मी मनात नको ते आणलं, फोनही करून पाहिला.

चौथ्या गुरुवारी दारातच उभा,
डोळे चोळलेले, टोपी उलटी,
पहिल्यांदाच अल्बियनबद्दल विचारलं नाही:
"तो खलाशी घरी पोचतो का गं शेवटी?
नको, सांगू नकोस.
मी अजून एकशे नव्वदवर आहे."